लिलावातला ट्रॅक्टर आधी थंड इंजिनावर चालू करून दाखवा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर जुन्या ट्रॅक्टरच्या लिलावावर लेख आला होता तो वाचला. चांगला आहे, पण सगळा भर बोली कशी लावायची यावरच दिलाय, हात कधी वर करायचा, समोरच्याला कसं चकवायचं, शेवटच्या मिनिटाला काय करायचं वगैरे. मी शेतीही करतो आणि ट्रॅक्टर खोलायचं कामही करतो, म्हणून सांगतो, खरा निकाल बोलीच्या आधी लागलेला असतो, बघायच्या दिवशी. आणि गोची अशी की बऱ्याच यार्डात बघायच्या दिवशी धड बघूच देत नाहीत. ट्रॅक्टर ओळीत लावलेले, चाव्या ऑफिसात, तुम्ही भोवती फिरा, फोटो काढा आणि घरी जा. चालू करून दाखवा म्हटलं की पोरगा येतो, अर्धा मिनिट चालू करतो, बंद करतो, चला पुढच्या गाडीला.

लिलावाच्या कागदावर एक ओळ सगळीकडे असते, 'जसा आहे तसा, जिथं आहे तिथं'. म्हणजे हातोडा पडला की इंजिन, गिअर, हायड्रॉलिक, जे काय निघेल ते घेणाऱ्याचं. याबद्दल माझी तक्रार नाही, जुनी मशीन स्वस्त मिळते ती याच अटीमुळं, यार्डवाल्याचा काही तो ट्रॅक्टर नसतो, तो गॅरंटी कशाला देईल. पण सगळी जोखीम माझ्या डोक्यावर टाकायची असेल तर बघायचा हक्क तरी पुरता द्या ना. जोखीम पूर्ण आणि बघणं अर्धवट, हे काही पटत नाही.

सगळ्यात मोठी चलाखी म्हणजे इंजिन आधीच गरम करून ठेवणं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून जी उष्णता होते तिच्यावर डिझेल पेटतं, त्यामुळं सिलिंडरमधे हवा अडवून धरणारे रिंगा-लायनर घासलेले असले, कॉम्प्रेशन म्हणजे हवा दाबायची ताकद गेलेली असली की थंड इंजिन चालू व्हायला मागत नाही, नुसता स्टार्टर घरघरतो आणि पांढरा धूर मारत बसतो. तेच इंजिन एकदा गरम झालं की अर्ध्या फेऱ्यात चालू होतं आणि बघणाऱ्याला वाटतं वा, काय इंजिन आहे. म्हणून यार्डात गेलं की पहिलं काम, चालू करायच्या आधी बॉनेटच्या बाजूनं मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातला धूर जिथून सायलेन्सरकडं जातो तिथं, हाताची मागची बाजू न्यायची, टेकवायची नाही. ऊब लागली तर समजायचं सकाळीच कुणीतरी चालू करून ठेवलाय, मग सरळ सांगायचं की संध्याकाळी परत येतो, तोवर हात लावू नका. नाही म्हणाले तर तेही उत्तरच झालं.

चालू झाल्यावर धूर बघायचा. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, कधी नुसता एअर क्लीनर तुंबलेला असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पांढरा धूर थंडपणी थोडा वेळ चालेल, पण इंजिन तापल्यावरही येत असेल तर डिझेल फवारणारे नोझल तरी बिघडलेत किंवा पाणी आत जातंय. मग ऑइलचं झाकण उघडून आणि इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीशी बघायचं, तिथून भकाभका धूर मारत असेल तर दाब रिंगांवरून खाली निसटतोय, म्हणजे इंजिनकाम आलं. गेज पट्टीवरचं ऑइल दुधासारखं दिसलं की पाणी मिसळलंय. आणि ऑइल एकदम नवं, सोनेरी दिसलं तर खूश होऊ नका, लिलावाच्या आदल्या दिवशी ऑइल बदलायला फारसा खर्च येत नाही, आणि मग जुन्या ऑइलनं जे सांगितलं असतं ते सगळं पुसलं जातं.

आता अवर मीटर, म्हणजे ट्रॅक्टर किती तास चालला ते दाखवणारं मीटर. लेखात लिहिलंय की कमी तास चाललेला ट्रॅक्टर निवडा. ऐकायला सोपं आहे पण जुन्या ट्रॅक्टरवर जे केबलवर चालणारं मीटर असतं ते घड्याळाचे तास मोजतच नाही, ते इंजिनाचे फेरे मोजतं. ठरावीक आरपीएमला एक तास चालला की एक तास पडतो, कमी आरपीएमला चालला तर तासाभरात त्याहून कमी पडतात. त्यामुळं आयुष्यभर ट्रॉली घेऊन हळूहळू फिरलेला किंवा उभ्या उभ्या चालू ठेवलेला ट्रॅक्टर मीटरवर तरुण दिसतो. नवीन इलेक्ट्रॉनिक मीटर बहुतेक घड्याळासारखे चालतात, म्हणजे दोन ट्रॅक्टरवर सारखाच आकडा असला तरी काम सारखं झालेलं नसतं. त्यात केबल तुटलेली असली तर आकडा तिथंच थांबलेला, मीटर बदलला असला तर परत शून्यापासून, आणि जुन्या मीटरचे आकडे संपले की तेही परत शून्यावर येतात. तेव्हा आकड्यापेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, पेडलची पट्टी घासून गुळगुळीत झालीय का बघा, मागं ट्रॉली जोडायच्या ड्रॉबारचं भोक गोल आहे का लांबट झालंय ते बघा, स्टिअरिंग आणि सीट बघा. हे सगळं बदलून ठेवायला कुणी बसत नाही, आणि बदललं असेल तर तेवढंच नवं कोरं उठून दिसतं.

मागचं अवजार उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट आणि अवजाराला इंजिनाची ताकद देणारा मागचा फिरता शाफ्ट, म्हणजे पीटीओ, हे तर रिकामे दाखवतात. रिकामी लिफ्ट कुठलीही उचलते हो! मागं वजनदार अवजार लावा, वर उचला, इंजिन बंद करा आणि बघत राहा. भराभर खाली बसत असेल तर आत कुठंतरी तेल मागं पळतंय, सिलिंडरचं सील म्हणा नाहीतर व्हॉल्व्ह. पीटीओ सुरू केल्यावर कसा पकडतो, बंद केल्यावर किती वेळानं थांबतो, आणि इंजिन बंद करून शाफ्टवरच्या खाचांचे (स्प्लाइनचे) दात हातानं चाचपून बघा, धार आलेली असेल तर झिजलेत. इथंच एक सांगतो, पीटीओचं कव्हर नसलेला ट्रॅक्टर दिसला तर जवळ जाताना सांभाळा, ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेरे, कपड्याचं टोक अडकलं की हात मागं घ्यायलाही वेळ मिळत नाही.

क्लचचं वेगळं सांगतो कारण लोक त्याला हलकं समजतात. प्लेट फार महाग नसते, पण बहुतेक ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसतेच, इंजिन आणि गिअरबॉक्सच एकमेकांना बोल्ट मारून सांगाडा होतो, त्यामुळं क्लच करायचा म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडायचा, दोन तुकडे करायचे आणि परत जोडायचे. मजुरीच जास्त होते. म्हणून वरच्या गिअरला ब्रेक धरून हळूच क्लच सोडून बघायचं, इंजिन दबलं पाहिजे, तसंच फिरत राहिलं तर प्लेट गेलीय. पण हे करायला यार्डवाल्यानं चालवू दिलं पाहिजे, तिथंच सगळं अडतं.

नव्या रंगाबद्दल थोडंच बोलतो. रंग मारलाय म्हणून ट्रॅक्टर वाईट असं नाही, पण रबरी पायपांवर, वायरींवर आणि ग्रीसच्या थरावर पण रंग बसला असेल तर तो घाईघाईत विकण्यासाठी मारलाय. बेल हाऊसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या डब्यावर, पुढच्या एक्सलच्या धरणीवर वेल्डिंगचे टाके दिसतात का बघा, पुढं लोडर लावलेला ट्रॅक्टर तिथंच तडकतो. पुढची चाकं जॅकवर उचलून हलवा, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिन आणि बुशमधला खेळ लगेच कळतो. मागच्या टायरात वजनासाठी कॅल्शियम क्लोराईडचं पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्हच्या भोवती रिम आतून खाल्लेली असते, वरून रंग छान. आणि पलटी झाल्यावर जीव वाचवणारी जी कमान असते मागं, स्वीडननं १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरला सक्तीची केली ती, तिला कुणी भोकं पाडलीत, कापलीय, वेल्डिंग केलंय असं दिसलं तर ती गेली असंच धरा.

संपादक साहेब, ट्रॅक्टर तपासून विकावा ही मागणी काही माझ्या डोक्यातून आलेली नाही, शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझिअर नावाचा शेतकरी होता, त्यानं फोर्ड नावाचा ट्रॅक्टर घेतला. तो हेन्री फोर्डचा नव्हताच, मिनिआपोलिसच्या एका कंपनीनं फोर्ड आडनावाचा माणूस धरून नाव वापरलं होतं! ट्रॅक्टर बेकार निघाला. पुढं हा क्रोझिअर विधिमंडळात गेला आणि १९१९ मधे कायदाच झाला की राज्यात नवीन मॉडेल विकायचं तर आधी विद्यापीठात त्याची चाचणी व्हायला पाहिजे. १९२० साली पहिली पूर्ण चाचणी वॉटर्लू बॉय या ट्रॅक्टरची झाली आणि ते काम अजून चालू आहे, रिपोर्ट कुणालाही वाचता येतात. १९५९ पासून ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक संघटनेनंही ट्रॅक्टर चाचणीचे नियम लावले, आता अनेक देश त्यावर चालतात. याचा लिलावात उपयोग असा की जुन्या मॉडेलचा रिपोर्ट मिळाला तर पीटीओवर नवा असताना किती ताकद होती ते कळतं, आणि यार्डात ताकद मोजायचं यंत्र, डायनो, लावलं तर आज किती उरलीय तेही पाच मिनिटात कळेल. नवीन ट्रॅक्टरची एवढी परीक्षा होते आणि जुन्याची काहीच नाही, खरी गरज तर जुन्याला आहे.

यार्डवाले म्हणतात एवढ्या मशीन आहेत, प्रत्येक कुठं थंड चालू करून दाखवत बसू, डिझेल कोण देणार. ठीक आहे, मग एकदाच पहाटे प्रत्येक ट्रॅक्टर थंड असताना चालू करा, मोबाईलवर शूटिंग करा, मॅनिफोल्डवर हात ठेवून दाखवा आणि ते सगळ्यांना बघू द्या. लिफ्टला एकच जड अवजार ठेवा, आळीपाळीनं सगळ्यांना लावा. मीटर बदललाय का नाही ते लिहा. यात तोटा कुणाचा? उलट आज काय होतं, घेणाऱ्याला आत काय आहे कळत नाही म्हणून तो सगळे ट्रॅक्टर खराब धरूनच बोली लावतो, आणि ज्यानं वेळेवर ऑइल बदललं, शेडमधे लावला, त्याचा चांगला ट्रॅक्टर पण भंगाराच्या जवळपास जातो. मग चांगले ट्रॅक्टरवाले लिलावात आणतच नाहीत, ओळखीत विकतात, आणि यार्डात उरतात ते कोणते हे सांगायला नको.

बोलीचं एवढंच, की हातोड्याचा आकडा म्हणजे किंमत नसते. त्यावर लिलाववाल्याचं कमिशन, टॅक्स, वाहतूक, बॅटरी, फिल्टर, टायर हे आधी कागदावर मांडा आणि त्यातून उलटं मागं येऊन आपला वरचा आकडा ठरवा. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली मालक विकणारच नाही तो आकडा, आहे का नाही ते आधी विचारा, कारण राखीव असेल तर तिथपर्यंत वर नेणारी बोली कुणाची आहे हे तुम्हाला कळणार नाही. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा, नंबरची पट्टी नवीन रिव्हेटनं बसवलेली दिसली तर सोडून द्या, आणि कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ऑनलाइन लिलावात फोटोवरून घेत असाल तर कुणा ओळखीच्या मेकॅनिकला आधी तिथं पाठवा, त्याची मजुरी जाईल तेवढीच.

तुम्ही लिलावाच्या जाहिराती छापता, पुढचा लेखही येईलच. त्यात एखाद्या यार्डवाल्याला एवढंच विचारा की थंड इंजिन दाखवायला अडचण काय आहे, आणि तो जे सांगेल ते जसंच्या तसं छापा.

आपला,
एक शेतकरी वाचक