तालुक्यापुरता स्पेक्ट्रम भाड्याने का देता येऊ नये?

महोदय,

स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींचा, लिलाव झाला की सरकारी तिजोरीत किती भर पडली याचीच चर्चा होते. विकलेल्या लहरी पुढे वापरात आल्या की नाही, याची विचारपूस फारशी होत नाही. 700 मेगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो, भिंतींतूनही आत शिरतो, म्हणून कमी मनोऱ्यांत ग्रामीण भाग जोडण्यासाठी तो अत्यंत उपयुक्त आहे. तरीही 2016 मध्ये त्याची देशभरासाठीची राखीव (लिलावातील किमान) किंमत प्रतिमेगाहर्ट्झ 11,485 कोटी रुपये ठेवली गेली आणि एकही बोली आली नाही. 2021 मध्ये ती 6,568 कोटींवर आणूनही तोच अनुभव आला. अखेर 2022 मध्ये ती 3,927 कोटी झाली, तेव्हा रिलायन्स जिओने तो घेतला. मधल्या सहा वर्षांचा न झालेला वापर मात्र कोणत्याही हिशेबात जमेस धरता येणार नाही.

लिलावात चुकलेले वाटप कंपन्यांना आपसांतील खरेदी-विक्रीतून दुरुस्त करता यावे, म्हणून ऑक्टोबर 2015 मध्ये स्पेक्ट्रम व्यापाराचे नियम आले. त्यांनुसार व्यवहारही झाले. एअरटेलने 2016 मध्ये व्हिडिओकॉनकडून सहा परिमंडळांतील (दूरसंचार सेवेसाठी आखलेल्या विभागांतील) लहरी 4,428 कोटींना घेतल्या. पण मेख अशी, की त्या नियमांनी व्यवहार संपूर्ण परिमंडळाचाच करण्याचे बंधन घातले आणि भाडेपट्टा नाकारला. आपले ‘महाराष्ट्र’ परिमंडळ म्हणजे मुंबई वगळून उरलेले राज्य आणि शिवाय गोवा! पुण्यात ज्या कंपनीला एकेक मेगाहर्ट्झ हवा असतो, तिच्याच लहरी भामरागडच्या जंगलात किंवा आंबोलीपलीकडच्या एखाद्या खोऱ्यात रिकाम्या असल्या, तरी तेवढ्याच भागापुरत्या त्या दुसऱ्याला देण्याची सोय त्या नियमांत नाही. अमेरिकेत 2020 मध्ये 3.5 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील परवान्यांचा लिलाव काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) झाला, आणि तेथे परवाने भाड्यानेही देता येतात.

2023 च्या दूरसंचार कायद्यात भाडेपट्ट्याला जागा आहे. त्याचा लाभ घेऊन तालुकानिहाय भाडेपट्ट्याला मुभा द्यावी. मात्र मोजक्याच कंपन्यांच्या बाजारात साठेबाजीची भीती खरी असल्याने, प्रत्येक व्यवहाराची किंमत आणि कोणत्या तालुक्यात कोणाच्या लहरी वापराविना आहेत याची नोंद दूरसंचार विभागाने सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी.

– एक वाचक, सावंतवाडी