वंशाच्या रकान्यात काय लिहायचं?

मा. सरचिटणीस, संयुक्त राष्ट्रे यांस,
स. न. वि. वि.

मी इंग्रजी अर्ज मराठीत आणण्याचं काम करते. 'रेस' आणि 'एथ्निसिटी' हे रकाने एकाखाली एक आले की दर वेळी अडते. पहिल्याला 'वंश' लिहिलं आणि दुसऱ्याला 'वांशिकता', तर एकच प्रश्न दोनदा विचारल्यासारखा वाटतो. बरीच वर्षं मला ही मराठीची उणीव वाटायची. आता वाटत नाही. या शब्दांना सगळीकडे चालेल असा एक अर्थ नाहीच.

सोव्हिएत पासपोर्टवर नागरिकत्व एक आणि 'राष्ट्रीयत्व', म्हणजे वांशिक ओळख, वेगळं असे. माणूस सोव्हिएत नागरिक, पण राष्ट्रीयत्व ज्यू, युक्रेनियन किंवा उझबेक. इतर अनेक देशांत याच शब्दाचा अर्थ फक्त नागरिकत्व. ब्राझीलची जनगणना 'रंग किंवा वंश' विचारते आणि उत्तर माणूस स्वतः देतो. सख्खी भावंडंही वेगवेगळ्या गटांत मोडू शकतात. २०२२ मध्ये तिथे ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला 'पार्दो', म्हणजे मिश्र, म्हटलं.

अमेरिकेच्या जनगणनेत १९३० साली 'मेक्सिकन' हा वंश होता, १९४० साली तो गेला. १९२० ते १९४० या तिन्ही जनगणनांत 'हिंदू' हासुद्धा वंशच होता, मग माणूस धर्माने शीख का असेना. भारतातून अमेरिकेत गेलेले भगतसिंग थिंद हे शीखच. तेव्हा तिथे नागरिकत्व मिळवायला 'गोरं' ठरावं लागे. मानववंशशास्त्राच्या आधारे आपण कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या वंशाचे ठरतो, असं त्यांनी नागरिकत्वासाठी कोर्टात मांडलं. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो, तोच गोरा. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. पण वंश हा लोकांच्या समजुतीवर ठरतो, हे त्यात उघड कबूल झालं.

रवांडात बेल्जियन राजवटीने ओळखपत्रावर माणसाचा समाज, म्हणजे हुतू, त्वा की तुत्सी, हे छापायला सुरुवात केली. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर तीच ओळखपत्रं पाहून माणसं मारली गेली. भाषा एक, डोंगर एक, शेजार एक, आणि जीव घेतला तो कार्डावरच्या शब्दाने.

म्हणून काही विचारूच नये, असं मी म्हणत नाही. फ्रान्स आपल्या जनगणनेत वंशाचा प्रश्न विचारत नाही, त्यामागची भीती मला समजते. पण मोजलंच नाही तर नोकरीत, घर मिळण्यात कोणाला डावललं जातं हे दाखवायचं कसं?

वांशिकता ज्याची त्याने सांगावी, हे तुमच्या सांख्यिकी विभागाच्या शिफारशींत आहेच. २०३० च्या जनगणना फेरीसाठी त्यात तीन गोष्टी सक्तीच्या शब्दांत याव्यात, ही विनंती. प्रश्नाशेजारीच लिहावं की इथे रंग विचारला आहे, भाषा, पूर्वजांचा देश की नागरिकत्व, आणि कशासाठी. एकाहून अधिक उत्तरं देण्याची, आणि उत्तर न देण्याचीही मोकळीक असावी. आणि हे उत्तर कोणाच्याही ओळखपत्रावर छापलं जाऊ नये.

यातली तिसरी मागणी मला सर्वांत मोलाची वाटते. बाकी दोन्हींवर चर्चा व्हावी. हिच्यावर तडजोड नको.

कळावे,
एक भाषांतरकार