चष्मा उतरवण्याआधी पारपटलाची जाडी विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आणि भरतीचे दिवस जवळ आले की ‘पंधरा मिनिटांत चष्म्यापासून सुटका’ अशा आशयाच्या जाहिराती सगळीकडे दिसू लागतात. ग्रामीण रुग्णालयातून नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून मी निवृत्त झालो असलो, तरी गावातले आणि नात्यातले तरुण अजूनही लेसर करावे की करू नये, असे विचारायला घरी येतात. या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. ते ज्याच्या त्याच्या डोळ्याच्या मोजमापावर, वयावर आणि कामधंद्यावर ठरते. जाहिरातीत यांपैकी कशाचाच उल्लेख नसतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही शस्त्रक्रिया वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. एक्सायमर लेसरचा किरण आजूबाजूचा भाग न भाजता जिवंत ऊती अतिशय नेमकेपणाने उडवू शकतो, हे १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत ज्या तिघांनी दाखवून दिले, त्यांत आपल्याकडे जन्मलेले आणि शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे एक होते. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा लेसरला चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी प्रथम मान्यता दिली. तेव्हापासून जगभर लाखो लोकांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे आणि त्यांतले बहुसंख्य समाधानी आहेत.

मात्र डॉक्टर नेमके काय करतात, हे समजून घेतले तरच धोका कुठे आहे ते कळते. डोळ्याच्या पुढच्या बाजूला, बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक भाग असतो, त्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. लॅसिक या लेसरच्या प्रचलित पद्धतीत पारपटलाचा सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा उचलतात, त्याखालचा थर लेसरने घासून आकार बदलतात आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवतात. लेसरने काढलेला थर परत वाढत नाही आणि पापुद्राही पूर्वीच्या ताकदीने चिकटत नाही, त्यामुळे पापुद्र्याखाली जे उरते त्याच्याच बळावर डोळ्याला पुढचे सगळे आयुष्य काढायचे असते. हा उरलेला थर निदान २५० मायक्रॉनचा तरी असावा, असा संकेत आहे, आणि पुष्कळ शल्यचिकित्सक त्याहून जास्तच ठेवतात.

आता हिशेब करून पाहू. नंबरच्या प्रत्येक एककामागे ढोबळमानाने १४ मायक्रॉन थर काढावा लागतो. ज्याचे पारपटल ५४० मायक्रॉनचे आणि नंबर उणे ४ आहे, त्याचे पापुद्र्यात ११० आणि लेसरमध्ये ५६ मायक्रॉन गेले, तरी ३७० हून अधिक उरतात. ज्याचे पारपटल मुळातच ४८० मायक्रॉनचे आणि नंबर उणे ८ आहे, त्याच्याकडे ११० आणि ११२ वजा जाता २५८ उरतात, म्हणजे तो थेट काठावर येतो. दोघांनी एकच जाहिरात वाचलेली असते, आणि जाहिरातीत दरही बहुधा एकच असतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी सर्वांत आधी पारपटलाची जाडी किती सांगितली, हे विचारतो. बहुतेकांना ती ठाऊक नसते.

जाडीइतकाच आकारही महत्त्वाचा. काहींचे पारपटल हळूहळू पातळ होत शंकूसारखे पुढे येते. या विकाराला केराटोकोनस म्हणतात. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, दक्षिण आशियाई लोकांत तुलनेने जास्त आढळतो, आणि ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलांत त्याची शक्यता वाढते. सुरुवातीला त्याची काहीच तक्रार नसते. तिरका नंबर दर वर्षी बदलतो, एवढेच. अशा डोळ्यावर लॅसिक झाले तर आधीच कमकुवत असलेले पारपटल फुगत जाते. मग प्रकाशकिरण आणि रिबोफ्लेविन हे जीवनसत्त्व वापरून त्याला बळकटी देण्याचे उपचार करावे लागतात आणि काही जणांवर नेत्ररोपणाची वेळ येते. टोपोग्राफी, म्हणजे पारपटलाच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागाचा नकाशा, ही तपासणी यासाठीच असते. ती न करता, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स आदल्या दिवशीपर्यंत वापरलेल्या डोळ्यावर करून जर कोणी तारीख देत असेल, तर तिथून उठून यावे, हे मी स्पष्टपणे सांगतो. लेन्सने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स निदान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहूनही जास्त दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात. वय अठरा पूर्ण झालेले असावे आणि नंबर किमान वर्षभर स्थिर असावा. गरोदरपणात व अंगावर पाजत असताना ही शस्त्रक्रिया टाळतात, आणि संधिवातासारखा रोग असेल तर आपल्या फिजिशियनला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर काय होते, याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नौदल आणि संरक्षण विभागाच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते. त्याच वेळी, ज्यांना आधी दिव्यांभोवती वलये दिसणे, प्रकाश फाकणे, दुहेरी दिसणे यांपैकी काहीच होत नव्हते, त्यांच्यातल्या ४० टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी यांपैकी एखादा तरी त्रास नव्याने जाणवत होता, आणि ज्यांचे डोळे आधी कोरडे नव्हते त्यांच्यातल्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवू लागला होता. हे त्रास आधीपासून असलेल्या अनेकांना उलट आराम पडला, हेही त्यात नोंदलेले आहे. या त्रासांमुळे रोजची कामे करणे फार अवघड झालेले लोक एक टक्क्याहून कमी होते. हा आकडा लहान दिसतो आणि आहेही. पण जो रात्रपाळीला टेम्पो घेऊन घाटातून जातो, त्याच्यासाठी समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसणे हा त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. पापुद्रा कापताना पारपटलातील बारीक मज्जातंतू तुटतात, म्हणून कोरडेपणा येतो. बहुतेकांचा तो सहा महिने ते वर्षभरात कमी होतो, काहींचा राहतो. दिवसभर वातानुकूलित खोलीत संगणकासमोर बसणाऱ्या मुलामुलींनी याचा विशेष विचार करावा.

आमच्या सातारा-कोल्हापूरकडे आणखी एक गोष्ट सांगावीच लागते. कुस्ती किंवा कबड्डी खेळणाऱ्याच्या डोळ्याला बोट वा कोपर लागले, तर लॅसिकचा पापुद्रा काही वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. अशांसाठी पीआरके ही पापुद्रा न उचलता पृष्ठभागावर करायची जुनी पद्धत अधिक योग्य ठरते. त्यात पहिले काही दिवस वेदना जास्त असतात आणि नजर स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून तिची जाहिरात होत नसावी. स्माइल या नव्या पद्धतीत पापुद्रा नसतो, बारीक छेद असतो. पण पारपटलाचा थर काढावा लागतो, तो लागतोच. नंबर फार मोठा असेल तर डोळ्याच्या आत बसवण्याच्या लेन्सचा पर्याय असतो, त्याचे धोके वेगळे.

भरतीसाठी लेसर करणाऱ्यांनी आधी त्या पदाची जाहिरात शेवटपर्यंत वाचावी. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी लेसर करून घेतलेला उमेदवार वैद्यकीय तपासणीत बाद होतो. सैन्यदलात अधिकारी होण्याच्या काही मार्गांनी त्याला मुभा आहे, पण तिथेही शस्त्रक्रियेच्या वेळचे वय वीसहून अधिक, मध्ये बारा महिने गेलेले, पारपटल किमान ४५० मायक्रॉन अशा अटी असतात. वडिलांनी शेतीवर कर्ज काढून मुलाचा चष्मा घालवावा आणि त्याच कारणाने मुलगा अपात्र ठरावा, याइतके क्लेशदायक दुसरे काय असणार? आरोग्यविम्यातूनही हा खर्च सहसा मिळत नाही, कारण साडेसातहून कमी नंबरवरील दृष्टिदोषाचे उपचार प्रमाणित अपवादांच्या यादीत आहेत.

मुलींच्या बाबतीत मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. स्थळ चालून आले आहे, मुलाकडच्यांना चष्मा नको आहे, म्हणून महिन्याभरात शस्त्रक्रिया उरका, अशी घाई मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. निरोगी डोळ्यावर करायची ही ऐच्छिक शस्त्रक्रिया आहे. न केल्याने नजर जात नाही. तिचा धोका ज्या व्यक्तीने पत्करायचा, तिचीच ती इच्छा असली पाहिजे. पोहताना, धावताना, पावसात दुचाकी चालवताना चष्म्याचा खरोखर जाच होतो, लेन्स सोसत नाहीत, आणि सगळी मोजमापे चांगली आहेत, अशा मुलीने लेसर जरूर करावे. दाखवण्याच्या कार्यक्रमाची तारीख हे मात्र त्याचे कारण होऊ शकत नाही.

चाळिशीच्या आसपास असलेल्यांना एक गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. उणे २ वा ३ नंबर असलेला माणूस पन्नाशीतही चष्मा काढून वर्तमानपत्र वाचू शकतो. लेसरने लांबचे स्वच्छ दिसू लागले की ही सोय जाते आणि वाचायला चाळिशीचा चष्मा येतोच. पारपटल पातळ झाल्यावर डोळ्याचा दाब यंत्रावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाची शक्ती ठरवतानाही लेसरआधीची मोजमापे उपयोगी पडतात. शिवाय मोठ्या उणे नंबरचा डोळा मागच्या बाजूने लांबट असतो, तो लेसरने आखूड होत नाही. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, फाटण्याचा धोका तसाच राहतो. चष्मा गेला म्हणून पडद्याची वार्षिक तपासणी सोडू नये.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात रुग्णाची संमती कशी असावी, हे स्पष्ट केले आहे : उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि मोठे धोके यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. प्रत्यक्षात मी पाहिलेली कित्येक संमतिपत्रे इंग्रजीत होती आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी, डोळ्यांत थेंब घातल्यानंतर सहीसाठी पुढे केलेली होती. माझी राज्याच्या आरोग्य विभागाला आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांना विनंती आहे की, लेसरचे संमतिपत्र मराठीत असावे, ते निदान आठवडाभर आधी घरी न्यायला द्यावे, आणि त्यावर त्या रुग्णाच्या दोन्ही डोळ्यांची जाडी, नंबर, काढला जाणारा थर आणि उरणारा थर हे आकडे हाताने भरलेले असावेत. टोपोग्राफीची प्रत रुग्णाला न मागता मिळावी. आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी या शस्त्रक्रियेच्या जाहिराती घेताना, ‘तपासणीनंतर काही जण अपात्र ठरतात’ एवढे एक वाक्य तरी ठळक अक्षरांत छापण्याची अट घालावी.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
जि. सातारा