सईच्या बेल्टबद्दल

नाशिक,
रविवार, संध्याकाळ

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज परवाच वाचला. पण दोन ओळींत उरकण्यासारखा तो विषय नव्हता, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. सईला ज्युदोला घालून वर्ष उलटून गेलं, तरी अजून पिवळाच बेल्ट. आणि शेजारचा मुलगा कराट्यात ब्राऊनपर्यंत पोचलासुद्धा. तिच्या सरांशी बोलू का, असं विचारलंयस. माझं स्पष्ट मत सांगतो, बोलू नकोस. का, ते सविस्तर लिहितो.

आज सकाळीच आमच्या क्लबात मुलांचं ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा झाली. पंचवटीत हॉल आहे, पण सातपूरपासून देवळालीपर्यंतचे पालक पोरांना दुचाकीवर घेऊन हजर. मी परीक्षक नाही. ब्राऊन बेल्टवाल्यांना नावं पुकारायची, जोड्या लावायच्या, एवढंच काम. पण मॅटच्या कडेला उभं राहून जे दिसतं ते मागच्या खुर्च्यांवरून दिसत नाही. आई-वडील बघतात ते फेकणाऱ्याकडे. परीक्षक दोघांकडे बघतात. फेकणारा तो तोरी, पडणारा तो उके, आणि अर्धी परीक्षा उकेची असते.

पांढऱ्यावरून पिवळ्याला जाताना आमचे सर आधी पडणंच बघतात. पाठीवर पडताना हनुवटी छातीला हवी, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, आणि तळहातासकट अख्खा हात मॅटवर आपटायचा, अंगापासून थोडा दूर. मग कुशीवर, पुढे, खांद्यावरून कोलांटी घेऊन. याला उकेमी म्हणतात. एखादं पोर घाबरून कोपर टेकवतं, तेव्हा सर काही न बोलता पुन्हा करायला लावतात. पुढचे थ्रो कितीही सुंदर आले तरी कोपर टेकणाऱ्याला बेल्ट नाही.

आज एक चुणचुणीत मुलगा ऑरेंजला बसला होता. ओसोतो-गारी त्याने झोकात मारला. समोरच्याचा तोल मागे काढायचा, त्याच्या बाहेरच्या बाजूने पाऊल टाकायचं आणि मागून पाय झाडून घ्यायचा. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पण फेकताना त्याने समोरच्याची बाही सोडून दिली होती. ती बाही शेवटपर्यंत धरून वर ओढायची असते, म्हणजे पडणाऱ्याचं डोकं मॅटवर आपटत नाही. सरांनी त्याला थांबवलं, पुढच्या वेळी बस म्हणाले. वडिलांचा चेहरा उतरला, आणि तुझी आठवण झाली ती तेव्हाच. अव्या, हा कडकपणा उगाच नाही. जपानमधल्या शाळांत ज्युदो शिकताना डोक्याला मार बसून मुलं दगावलेली आहेत. त्यांत नवशिकी मुलंच जास्त होती, आणि ओसोतो-गारीचं नाव पुन्हा पुन्हा आलं. त्या बाहीवर दुसऱ्याच्या पोराचा जीव असतो. ज्याला ती धरता येत नाही त्याला वरचा बेल्ट दिला, तर उद्या तो आणखी जोरात फेकायला मोकळा.

आता रंगांचं सांगतो. पांढरा, पिवळा, ऑरेंज, हिरवा, निळा, ब्राऊन आणि मग काळा, हा क्रम तुला माहीत आहेच. काळ्याच्या आधीच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात आणि ते उतरत्या क्रमाने मोजतात, सहाव्यापासून पहिल्यापर्यंत. काळ्यापासून दान सुरू होतात, ते चढते. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योतल्या एका देवळात कोदोकान ही ज्युदोची पहिली शाळा सुरू केली, तेव्हा यातला एकही रंग नव्हता. दर्जाची कल्पना त्यांनी गो या बैठ्या खेळातून उचलली आणि 1883 मध्ये शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोन शिष्यांना पहिला दान दिला. कमरेला काळा पट्टा बांधायची पद्धत त्यानंतर काही वर्षांनी आली. मधले बहुतेक रंग युरोपातले. मिकोनोसुके कावाइशी 1935 मध्ये पॅरिसला शिकवायला गेले, आणि तिथल्या शिष्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांचे रंग त्यांनी रूढ केले. कोदोकानमध्ये आजही मोठी माणसं पांढऱ्यावरून थेट ब्राऊनला जातात. म्हणजे सई जपानात मोठी होऊन शिकायला लागली असती, तर सुरुवातीचा बराच काळ तिला पांढऱ्यावरच काढावा लागला असता आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं.

माझ्या ब्लॅक बेल्टची तयारी चालू आहे, हे तुला माहीत आहे. त्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे नागे-नो-काता, जोडीने करून दाखवायचा थ्रोंचा ठरलेला क्रम. पंधरा थ्रो, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून, ठरलेल्या पावलांनी, ठरलेल्या अंतरावरून. म्हणजे एका फेरीत उके तीस वेळा पडतो. माझा उके सातपूरला कंपनीत आहे, लहानपणी गावच्या तालमीत कुस्ती खेळलेला. सेओई-नागे, म्हणजे समोरच्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून फेकायचा थ्रो, शिकवल्यावर तो पटकन म्हणाला, ‘ही तर आपली धोबीपछाड!’ खरंच, फार फरक नाही. त्याची सेकंड शिफ्ट असली की माझा सराव बंद, कारण हा काता एकट्याने करताच येत नाही. त्याने अर्धा क्षण आधी उडी घेतली तर माझा थ्रो खोटा दिसतो, अंग चोरलं तर दोघंही दुखावतो. माझ्या बेल्टमध्ये त्याचा वाटा किती, हे मला रोज संध्याकाळी कळतं.

त्यातलाच तिसरा थ्रो काता-गुरुमा. समोरच्याची मांडी धरून त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलायचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उभ्याने लढताना बेल्टखाली पकडायला 2013 पासून बंदी आहे, तरी परीक्षेत हा जसाच्या तसा करून दाखवावा लागतो. मला हे फार आवडतं. स्पर्धेचे नियम बदलत राहतात, पण ग्रेडिंग जुनी विद्या राखून ठेवतं.

तू म्हणशील, परीक्षा नेहमी न्याय्यच असतात का? नाहीत. केइको फुकुदा यांचं उदाहरण मला कायम टोचतं. कानोंना जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजविद्या शिकवणाऱ्या गुरूंची ही नात. पाचव्या दानावर त्या जवळजवळ वीस वर्षं अडकल्या, कारण बाईला त्यापुढचा दान द्यायची रीतच नव्हती. सहावा मिळाला 1972 मध्ये. कोदोकानने नववा दिला 2006 मध्ये, तेव्हा त्या नव्वदी पार केलेल्या. अमेरिकेच्या संघटनेने 2011 मध्ये दहावा दिला. बायकांच्या काळ्या बेल्टवर पूर्वी मधोमध एक पांढरी रेघ असायची, तीसुद्धा याच वृत्तीतून आलेली. सई मॅटवर उतरते तेव्हा ती रेघ तिच्या वाट्याला येणार नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. अन्याय असतो तिथे जरूर भांड. पण सईच्या बाबतीत मला तो कुठे दिसत नाही.

सरांशी बोलण्याऐवजी एक दिवस क्लासला जाऊन बस. ती न घाबरता पडते का ते बघ. तिच्याबरोबर जोडी लावायला मुलं पुढे येतात का, की टाळतात? थ्रो दोन्ही बाजूंनी करते का? कुणाला फेकल्यावर हात देऊन उठवते का? हे सगळं होत असेल, तर ऑरेंज बेल्ट आपल्या पायांनी येईल. आणि एखाद्या क्लासात दर तीन महिन्यांनी फी भरून सरसकट सगळ्यांना वरचा बेल्ट मिळत असेल, तर तिथून मुलगी काढून घे, असं मीच तुला सांगेन.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन इकडे ये. आमच्याकडे तिच्या वजनाच्या तीन-चार मुली आहेत, रांदोरीला, म्हणजे मोकळ्या लढतीच्या सरावाला, मजा येईल तिला. ड्रेस बरोबर आण आणि निघायच्या आधी तिची नखं काप, मॅटवर चढण्याआधी आमचे सर सगळ्यांच्या हातापायांची नखं बघतात.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद. कोणत्या गाडीने येताय ते कळव, नाशिकरोडला घ्यायला येतो.

तुझा,
सद्या