निवाऱ्याच्या नकाशाआधी माणसांचा हिशोब

डिचोली, गोवा
१६ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुमच्या गावची पालिका भटक्या कुत्र्यांसाठी निवारा बांधणार आणि त्याची जबाबदारी तुझ्याकडे येणार, हे वाचून फार बरं वाटलं. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशानंतर सगळीकडे हीच धावपळ आहे. शाळा, इस्पितळं, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलायची, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, परत तिथे सोडायची नाहीत. आजवर जिथून उचललं तिथेच आपण कुत्रं सोडत आलो. आता त्यातली काही जन्मभर आपल्याकडेच राहतील. बैठकीत हे सगळ्यांच्या कानावर घाल.

तू पिंजऱ्यांची मापं मागितलीस, ती सोबत पाठवतोय. पण त्याआधी माणसांचा हिशोब मांड. अमेरिकेतल्या निवाऱ्यांत एक ठोकताळा आहे: एका जनावरामागे रोज निदान १५ मिनिटं, त्यातली ९ साफसफाईला आणि ६ खाण्यापिण्याला. शंभर कुत्री धरलीस तर रोजचे २५ तास झाले. आठ तासांच्या पाळीची तीन माणसंसुद्धा पुरली नाहीत, आणि यात औषधपाणी, गाडी, रात्रपाळी, रजा काहीच आलेलं नाही.

जनावरांचे डॉक्टर मिळणं अवघड आहेच. साडेपाच वर्षं शिकून मुलं शहरात दवाखाने टाकतात, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण मिळालेल्या एकाच डॉक्टरवर सगळं टाकलं तर त्याने शस्त्रक्रिया करायच्या की आजारी कुत्री बघायची?

आमच्या निवाऱ्यात सत्तरी तालुक्यातला एक मदतनीस आहे. शिक्षण बेताचं, पण नजर अशी की मी त्याच्यावर डोळे मिटून विसंबतो. परवा सकाळी भात वाढता वाढता म्हणाला, “डॉक्टर, पांढऱ्या पायाचं पिल्लू आज भांड्याकडे फिरकलं नाही.” ना उलटी, ना जुलाब. तरी लगेच वेगळं काढलं. संध्याकाळी रक्ताची हगवण सुरू झाली. पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. रात्रभर सलाईन लावलं. पिल्लू पाय झटकायचं, सुई निघायची, हा पुन्हा पाय धरून बसायचा. आज पिल्लू स्वतःहून पाणी प्यायलंय. रात्रपाळीला माणूस नसता तर ते वाचलंच नसतं.

पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही. तीस भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच घालून फरशी धुवावी लागते, तीही आधी घाण पूर्ण काढून. पार्वोची लस कुत्रं आत येतानाच टोचायची, दुसऱ्या दिवसावर ढकलायची नाही. आणि आजारी वॉर्डातली बादली, खराटा, गमबूट बाहेर येता कामा नयेत. हे सगळं नेमाने करणारा माणूस टिकला पाहिजे.

म्हणून कंत्राटी माणसं घेऊ नकोस, असं मी कळकळीने सांगतो. ती चार महिन्यांत बदलतात. कुत्री ओळखीची होईपर्यंत माणूस गेलेला असतो. आणि प्रत्येकाला कामावर घेण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस दे: पहिला डोस, त्यानंतर ७ दिवसांनी दुसरा आणि पहिल्यापासून २१ किंवा २८ दिवसांनी तिसरा. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचीही भीती असते, तेव्हा गमबूट आणि हातमोजे पालिकेने द्यावेत.

२०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. वर्षानुवर्षं जाळी घेऊन वाड्यावाड्यांवर हिंडणाऱ्या, लस टोचणाऱ्या माणसांनी ते करून दाखवलं. मला त्यांचा फार अभिमान आहे.

तेव्हा अंदाजपत्रकात पगाराचं लेखाशीर्ष बांधकामापासून वेगळं मागून घे आणि निदान तीन वर्षांची तरतूद लिहून घे. बैठकीची तारीख कळव, मी मदतनीसाला घेऊन येतो. मुख्याधिकाऱ्यांना त्याच्याकडूनच ऐकू दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र