घरी झालेला नाताळ

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदा आमचा नाताळ काही झाला नाही, घरीच बसून गेला." मुलांच्या गलक्यात तेव्हा काही बोलता आलं नाही, पण तुमचं ते वाक्य मनातून जाईना. तुमचा गुडघा, आईचं बीपी आणि नगरची ती पहाटेची थंडी, यात उपासनेला जाणं जमणारच नव्हतं. पण नाताळ झाला नाही, हे मला पटत नाही.

आमच्याकडे धाकट्याला रात्रीपासून ताप होता. हे थोरलीला घेऊन चर्चला गेले, मी त्याच्यापाशी थांबले. आदल्या रात्री कॅरलवाली मुलं येऊन गेली होती, त्यांच्या चहाचे कप तसेच पडलेले. करंज्यांच्या तळणाने ओटा तेलकट झालेला. एकीकडे दूध तापत होतं आणि मी त्याच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत बायबलातला लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, मोठ्याने वाचत होते. त्याने मध्येच विचारलं, "बाळाला गवत टोचलं नसेल?" म्हटलं, "नाही रे, आईने बाळंत्यात गुंडाळलं होतं ना."

आणि मग माझंच वाचन थांबलं. देवदूताने मेंढपाळांना जी खूण दिली ती हीच की नाही? बाळंत्याने गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं बाळ. आकाश उजळलं, स्वर्गीय सैन्याने गाणं म्हटलं, आणि तारणारा ओळखायची खूण मात्र कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीत दिसेल अशी. आपण इतकी वर्षं तो उजेड आणि ते गाणं घट्ट धरून बसतो. बाळंत्याकडे लक्षच जात नाही.

बाबा, तुम्ही गावाकडच्या घराचं सांगायचात ना, की दारातून आत शिरलं की खाली बैलं बांधलेली आणि वरच्या ओट्यावर सगळ्यांची अंथरुणं. यहूदीयातल्या खेड्यांतही गुरं रात्री अशीच घरात घेत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की येशूचा जन्म गावाबाहेरच्या एकट्या गोठ्यात नाही, माणसांनी भरलेल्या एखाद्या साध्या घरातच झाला असावा. लूक गोठ्याचं नाव काढत नाही, तो फक्त गव्हाण सांगतो. आणि पूर्वेकडचे मागी, म्हणजे तारा पाहून निघालेले ज्ञानी लोक आले, तेव्हा दुसरा शुभवर्तमानकार मत्तय तर सरळ लिहितो की ते घरात गेले. देव माणसांत राहायला आला तो असा. तिथे ना वेदी होती, ना घंटा, ना पाळकसाहेब. कोणीतरी पाणी तापवलं असेल, कोणीतरी धुणं वाळत घातलं असेल.

चर्च नको असं मी म्हणत नाही, गैरसमज करून घेऊ नका. तुमच्या पेटीवर रेव्ह. टिळकांची भजनं ऐकत मी वाढले, मंडळीत बसून ती म्हणण्याची सर घरी येत नाही. पण आई, तुला नाताळला हॉस्पिटलात ड्यूटी लागायची ती वर्षं आठव. तू सकाळी डबा घेऊन जायचीस, बाबा आमच्या वेण्या घालायचे, वाकड्या का होईना, आणि शेगडीजवळ बसवून अध्याय वाचून घ्यायचे. तू वॉर्डात कोणाचं तरी बाळ पुसून आईच्या कुशीत देत असशील. ती सकाळ प्रभूच्या जन्माच्या किती जवळची होती, हे मला आता स्वतः आई झाल्यावर कळतं. तेव्हा आम्हाला वाटायचं, आई नाही म्हणजे सण अर्धाच.

आणि बाबा, अर्पणाचं पाकीट द्यायचं राहिलं म्हणून जीव लावून घेऊ नका. मरीया-योसेफ बाळाला मंदिरात घेऊन गेले तेव्हा त्यांनी दोन पाखरं अर्पण केली. नियमशास्त्रात ही सवलत कोकरू न परवडणाऱ्यांसाठी होती. देवाने ते तेवढं घेतलंच ना? तिथेच हन्ना नावाची विधवा संदेष्ट्री होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, रात्रंदिवस प्रार्थना करणारी. तुम्ही दोघं रोज झोपताना आम्हा सगळ्यांची नावं घेता, थेट जावयांपासून नातवंडांपर्यंत. आम्ही इथे त्याच्यावरच उभे आहोत. "आता आमच्याने काय होतंय" असं पुन्हा म्हणू नका.

धाकट्याचा ताप आज उतरलाय. शनिवारी आम्ही सगळे येतो. पाळकसाहेबांना मी फोन केला होता, ते रविवारी दुपारी घरी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला येणार आहेत. आई, तू स्वयंपाकाचा घाट घालू नकोस, रस्सा मी करीन. बाबा, पेटीवरची धूळ तेवढी पुसून ठेवा, थोरलीला तुमच्याकडून दोन भजनं बसवून घ्यायची आहेत.

तुमची लेक