कॅम सेन्सरच्या सूचनापत्रकातील त्रुटीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : कॅम सेन्सरचे अपुरे सूचनापत्रक आणि अमान्य झालेली तक्रार

महोदय,

माझ्या गाडीच्या टर्बो इंजिनासाठी आपल्या कंपनीचा, फिरवून जुळवायचा कॅम सेन्सर (कॅमशाफ्टची स्थिती इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवणारा भाग) मी घेतला आणि सोबतच्या सूचनापत्रकाबरहुकूम स्वतः बसवला. त्यानंतर दोन महिने इंजिनाने जो त्रास दिला, त्याचे मूळ त्या पत्रकातच आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर आणून सेन्सर घट्ट करावा, एवढेच पत्रक सांगते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एकच फेरी होते; त्यामुळे पिस्टन दर चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनच्या (मिश्रण दाबण्याच्या) शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या (जळालेला वायू बाहेर टाकण्याच्या) शेवटी. यांपैकी कोणती वेळ धरायची, याचा पत्रकात उल्लेख नाही, आणि कॅम सेन्सरने इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवायचे असते ते नेमके हेच. शिवाय माझ्या इंजिनात सिग्नल बदलण्याचा बिंदू कॉम्प्रेशननंतर वरचे टोक ओलांडून 25 अंशांवर आहे. पत्रकाप्रमाणे वागणारा माणूस तिथेही चुकणारच.

माझा सेन्सर एक्झॉस्टच्या फेरीवर बसला. या इंजिनात प्रत्येक कॉइल दोन सिलिंडरांना जोडलेली असून ती दोन्ही फेऱ्यांत ठिणगी देते, म्हणून इंजिन सुरू झाले आणि चूक लपली. पेट्रोल मात्र एक फेरी अवेळी फवारले जात होते. आयडलिंगला इंजिन थरथरत असे आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येई. पण पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो जोराने हवा ढकलत असताना, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चक्राचा बहुतेक वेळ उघडेच असल्याने गाडी व्यवस्थित ओढत असे. त्यामुळे सेन्सरवर संशय गेलाच नाही. इंजेक्टर साफ करून घेतले, टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पाइपांतून हवा गळते का ते तपासले, शेवटी टर्बोही उतरवला. त्यात काहीही दोष निघाला नाही, आणि चांगला बसलेला टर्बो विनाकारण खोलावा लागल्याचे मला आजही वाईट वाटते.

अखेर एका अनुभवी मेकॅनिकने पहिला स्पार्क प्लग काढून भोकावर बोट धरले, दाब जाणवताच कॉम्प्रेशनची फेरी ओळखली, क्रँक नेहमीच्याच दिशेने फिरवत 25 अंशांवर आणला आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज बदलताच सेन्सर आवळला. क्रँक मागे फिरवला तर कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनमधील ढिलाई मापात शिरते, हेही त्यांच्याकडूनच कळले. अर्ध्या तासात इंजिन शांत झाले.

आपल्या विभागाने सेन्सर विद्युत चाचणीत निर्दोष ठरल्याचे सांगून माझी तक्रार अमान्य केली. सेन्सर निर्दोष आहे, हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार पत्रकाविषयी होती आणि तिचे उत्तर मला मिळालेले नाही.

तरी सूचनापत्रकात कॉम्प्रेशनची फेरी ओळखण्याची रीत, प्रत्येक इंजिनासाठीचा अंश आणि मल्टिमीटरने करायची तपासणी यांचा समावेश करावा, हा सेन्सर आधी घेतलेल्या ग्राहकांना ही दुरुस्ती कळवावी आणि टर्बो उतरवून पुन्हा बसवण्याची मजुरी मला परत करावी, ही विनंती. मजुरीची पावती व आपल्या पत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक